कोकणातल्या जमिनीचे जुने कागद कसे शोधायचे: आधी दप्तर कुणाच्या घरात होतं ते विचारा

जमिनीचा जुना कागद शोधायला निघालात तर पहिला प्रश्न तलाठ्याला विचारू नका, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा. आणि "आपली जमीन किती" असं पण विचारू नका, "पूर्वी आपल्या गावचं दप्तर कुणाकडे असायचं" असं विचारा. मी हे उलटं केलं आणि दोन वर्षं घालवली. आमचं गाव देवगड तालुक्यात, मी मुंबईत, सुट्टी काढून तलाठी ऑफिसला जायचो, उतारा घ्यायचो, त्यात वडिलांचं नाव नाही म्हणून परत यायचो, पुढच्या वर्षी परत तेच. शेवटी वाडीतल्या एका काकांनी ओटीवर बसवलं आणि म्हणाले, "सातबारो काय बघतंस, फेरफार काढ आदी. आणि त्याच्या मागे जायचा असात तर खोताच्या येळचा बघूचा लागतला." त्यानंतर सहा महिन्यांत कागद हातात आले. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, कारण कोकणात प्रत्येक दुसऱ्या घराची हीच गोष्ट आहे आणि लोक वकिलाला पैसे देऊन जे शोधतात त्यातलं बरंचसं आपलं आपल्याला शोधता येतं.

दप्तर कुणाकडे होतं याला एवढं महत्त्व का, तर आपल्याकडे जमिनीची नोंद ठेवणारा माणूस काळाप्रमाणे बदलत गेला आणि प्रत्येकाचे कागद वेगळे, त्यांची नावं वेगळी आणि ते आज पडलेत पण वेगवेगळ्या जागी. घाटावर गावोगाव वंशपरंपरागत कुलकर्णी असायचा, आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात (म्हणजे जुना रत्नागिरी, सिंधुदुर्ग त्यातून १ मे १९८१ ला वेगळा झाला) बहुतेक गावांत खोत. खोत सरकारचा सारा गोळा करून भरायचा आणि कुळांकडून (म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांकडून) आपला हिस्सा घ्यायचा, कुठे अर्धेल म्हणजे निम्मं पीक, कुठे तिर्धेल म्हणजे तिसरा हिस्सा. ही खोती पण वारसाने चालायची, भावाभावांत वाटली जायची. इंग्रजांनी १८८० मध्ये खोती सेटलमेंटचा कायदा केला आणि मग कुठल्या नंबरात कोण वहिवाटतो, तो धारेकरी (म्हणजे फक्त सरकारी धारा भरणारा) आहे की खोताचं कुळ आहे, खोताला काय देतो हे सगळं लिहून काढलं. त्या कागदांना बोटखत आणि फैसलपत्रक म्हणतात, हे दोन शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

त्यानंतर १९०३ चा हक्कनोंदणीचा कायदा आला, तिथून आजच्या सातबाऱ्याची सुरुवात धरायला हरकत नाही. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या कायद्याने खोती गेली, घाटावर परगणा आणि कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्याने गेली आणि दप्तर पूर्णपणे पगारी तलाठ्याच्या हातात आलं. आता त्यालाच ग्राम महसूल अधिकारी म्हणतात पण वाडीत अजून सगळे तलाठीच म्हणतात, मी पण तसंच लिहिणार आहे.

खोती अशी सहज गेली नाही हे पण सांगायला पाहिजे. अलिबाग तालुक्यातल्या चरीला १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी संप केला, सहा वर्षं जवळजवळ, शेतं ओसाड ठेवली, पोटाला चिमटा काढला पण खोताची जमीन कसली नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करायचं बिल मांडलं आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत मोर्चा घेऊन आले. तुमच्या उताऱ्यावर आज जर कुळकायद्याने मिळालेली जमीन दिसत असेल तर त्या एका ओळीमागे हे सगळं आहे, म्हणून ती ओळ नीट वाचा.

आता कामाचं.

घरी बसून एका कागदावर लिहा: गाव, वाडी, पणजोबापर्यंतची नावं (आडनाव पूर्वी वेगळं लावायचे का ते पण, आमच्याकडे आजोबांच्या वडिलांच्या नावापुढे आडनाव नाही, नुसतं "गावकर" लिहिलंय), कोण कधी वारलं त्याचा अंदाज, आणि १९४७ च्या आधी गाव कुठल्या राज्यात होतं. हे शेवटचं लोक विसरतात. देवगड, मालवण, वेंगुर्ला, राजापूर इंग्रजांकडे होतं पण सावंतवाडी आणि कुडाळकडचा बराच भाग सावंतवाडी संस्थानात, मुरुड, श्रीवर्धन, म्हसळा जंजिरा संस्थानात, आणि वर जव्हार वेगळं संस्थान. संस्थानातल्या गावाचे कागद रत्नागिरीच्या खोती कायद्यात शोधत बसलात तर काहीच मिळणार नाही, कारण तो कायदा तिथे नव्हताच. आणि आंबोली, गेळे, चौकुळ यातलं गाव असेल तर कबुलायतदार गावकर हा वेगळाच विषय आहे, तिथे गावच्या जमिनी सामाईक होत्या आणि पुढे सातबाऱ्यावर महाराष्ट्र शासन लागलं, त्याची लढाई गावाने मिळून केली आहे, एकट्याने फेरफार काढून ते सुटत नाही.

मग आजचा सातबारा आणि ८-अ काढा. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या साइटवर १५ रुपयांत मिळतो, मोबाइल नंबर टाकून ओटीपीने लॉगिन करायचं, सर्व्हर सकाळी लवकर बरा चालतो. ८-अ म्हणजे एका खातेदाराच्या नावावर त्या गावात जेवढे तुकडे आहेत त्यांची एकत्र यादी, कोकणात हे फार गरजेचं कारण आपली जमीन एक सलग कधीच नसते, दोन गुंठे कुणग्यात, अर्धा गुंठा परसात, वर कातळावर वर्कस (म्हणजे डोंगराकडची हलकी जमीन), खाली खारीत एक तुकडा. लोक घराजवळच्या दोन नंबरांचे उतारे काढतात आणि वरचं वर्कस विसरतात, आणि त्याच वर्कसात आता कलमं लावून कुणीतरी दुसराच आंबा काढत असतो.

सातबारा म्हणजे काय तर गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ एकत्र. वरचा भाग हक्काचा, खालचा पिकाचा. वरच्या भागात बघायच्या गोष्टी सांगतो. नावाच्या बाजूला गोलात किंवा कंसात नंबर असतो, तो फेरफार नंबर, म्हणजे हे नाव कुठल्या नोंदीने आलं त्याचा पत्ता. आजच्या उताऱ्यावर सगळ्यात खाली जुन्या फेरफारांचे नंबर एका रांगेत पण असतात, ते सगळे लिहून घ्या. ज्या नावाभोवती चौकोनी कंस आहे किंवा ज्यावर आडवी रेघ आहे ते नाव कमी झालेलं. इतर अधिकारात कुळाचं नाव, सोसायटीच्या कर्जाचा बोजा, विहिरीचा हक्क, कधी "खाजगी वन" असा शेरा (हा १९७५ च्या कायद्यातून आलेला असतो आणि तो असेल तर जमीन घ्यायच्या किंवा विकायच्या आधी वकील गाठाच).

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. नावापुढे "ए.कु.मॅ." किंवा "ए.कु.क." लिहिलंय का बघा. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, एकत्र कुटुंबाचा कर्ता. म्हणजे नाव एकाचं असलं तरी जमीन सगळ्या भावांची. "अ.पा.क." असेल तर अज्ञान पालनकर्ता, म्हणजे मूल लहान होतं म्हणून आईचं किंवा काकाचं नाव त्याच्या वतीने लागलेलं. आमचं नेमकं इथेच अडलेलं. आजच्या उताऱ्यावर चुलत आजोबांचं नाव, एकट्याचं, त्यांच्यानंतर त्यांच्या मुलांची नावं. आम्ही समजायचो आजोबांनी सोडून दिली असेल. हाताने लिहिलेला जुना सातबारा काढला तेव्हा चुलत आजोबांच्या नावापुढे त्याच निळ्या शाईत, थोड्या बारीक अक्षरात, ए.कु.मॅ. लिहिलेलं स्पष्ट दिसलं. हस्तलिखितावरून कॉम्प्युटरवर चढवताना ती तीन अक्षरं गळली. कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, एका माणसाला हजारो उतारे टाइप करायला बसवल्यावर असं होतं, पण त्या तीन अक्षरांमुळे माझे वडील स्वतःच्या जमिनीत पंधरा-वीस वर्षं कागदोपत्री परके होते आणि ते जाईपर्यंत त्यांना याचं कारण कळलं नाही. याचा मला अजून त्रास होतो.

अशी लेखनाची चूक असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. सोबत जुन्या हस्तलिखित सातबाऱ्याची खरी नक्कल, ज्या फेरफाराने नाव लागलं त्याची नक्कल आणि आजचा उतारा, तिन्हींवर फरक जिथे आहे तिथे पेन्सिलने खूण करून द्या म्हणजे समोरच्याला शोधत बसावं लागत नाही. पण हे फक्त लिहिण्यातल्या चुकीला. कुणाचा हक्क किती यावर वाद असेल तर १५५ चालत नाही, तिथे अपील किंवा दिवाणी कोर्ट.

फेरफार कसा वाचायचा आणि कुठे मिळतो

फेरफार म्हणजे गाव नमुना ६. जमिनीत काहीही बदल झाला, खरेदी, वारस, वाटप, बोजा, कुळ, सगळं आधी इथे लिहिलं जातं आणि मग सातबाऱ्यावर चढतं. म्हणून काकांचं म्हणणं बरोबर होतं, सातबारा नुसता निकाल सांगतो आणि फेरफार कारण सांगतो. पद्धत अशी की सगळ्यात नव्या फेरफारापासून सुरू करायचं आणि मागे मागे जायचं, प्रत्येक फेरफारात आधीचं नाव दिसतं, त्या नावाच्या जुन्या सातबाऱ्यावर आधीचा फेरफार नंबर दिसतो, असं करत पायरी पायरीने खाली. मध्ये एक पायरी जरी निसटली तर थांबा, पुढे जाऊ नका, बहुतेक वेळा गडबड त्याच पायरीत असते.

प्रत्येक फेरफारात चार गोष्टी बघा: नोंद कशाच्या आधारे झाली (वर्दी म्हणजे कुणी दिलेली खबर, दस्त, तहसीलदाराचा हुकूम), कोणाकोणाला नोटीस गेली आणि कुणाची सही आहे, हरकत आली का, आणि शेवटच्या रकान्यात सर्कलची म्हणजे मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी आहे का. तलाठी नोंद घालतो पण प्रमाणित करतो सर्कल, त्याच्या सहीशिवाय ती नोंद पक्की नाही. मी एक फेरफार बघितला त्यात खाली लिहिलं होतं "वारस हजर, जबाब घेतला, मंजूर" आणि ज्या चार वारसांना हजर म्हटलं होतं त्यातले दोघे तेव्हा मुंबईत गिरणीत होते. असं सापडलं तर चिडून लगेच भाऊबंदांशी भांडायला जाऊ नका, आधी नक्कल घ्या.

नक्कल कुठे, तर अलीकडचं तलाठ्याकडे किंवा ऑनलाइन, जुनं तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात. "आपले अभिलेख" नावाची सरकारी साइट आहे, तिथे स्कॅन केलेले जुने सातबारे, फेरफार, ८-अ आणि इतर नोंदवह्या बघता येतात, सगळ्या गावांचं सारखं नाही, कुठे भरपूर मिळतं, कुठे अर्धवट, म्हणून आधी तिथे बघा आणि नाही मिळालं तरच कचेरीत जा. कचेरीत साधा अर्ज लिहायचा: गाव, सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंतचे सातबारे हवेत आणि कुठले फेरफार नंबर. "सगळे जुने कागद द्या" असं लिहिलंत तर काहीच मिळणार नाही, नंबर लिहिलेत तर मिळतं. अर्जाची पोच घ्या, शिक्का मारून. महिनाभर काहीच झालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, त्याला ३० दिवसांची मुदत असते. मला एका कचेरीत तीन वेळा "रेकॉर्ड जीर्ण आहे, मिळणार नाही" असं तोंडी सांगितलं, मी म्हटलं हेच लेखी द्या, आणि पुढच्या आठवड्यात रेकॉर्ड मिळालं.

त्या दिवशी जे बघितलं ते विसरणार नाही. लाल कापडाचा रुमाल सोडला, आत फेरफाराची जाड वही, कडा वाळवीने खाल्लेल्या, पानाला हात लावला तर कोपरा तुटून पडेल अशी भीती. १९५० च्या आसपासचं पान, बोरूने लिहिल्यासारखं जाड बारीक अक्षर, नंबराच्या बाजूला पणजोबांचं नाव आणि पुढे "मयत". त्याखाली आजोबा, चुलत आजोबा आणि पणजीचं नाव. पणजीच्या नावापुढे अंगठा, निळसर काळा, रेषा मोजता येतील इतका स्पष्ट. आमच्या घरात पणजीचा एक पण फोटो नाही. रेकॉर्डकीपर बाईंनी मला मोबाइलवर त्याचा फोटो काढू दिला नाही पण नक्कल दिली आणि पान उघडं ठेवून त्या पाच मिनिटं काही बोलल्या नाहीत.

कुळाच्या नोंदी

खोताची किंवा सावकाराची जमीन आपले लोक कसत असतील तर १९४८ चा कुळकायदा तुमच्या कामाचा. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन, त्या दिवशी जो कुळ म्हणून कसत होता तो कायद्याने जमिनीचा खरेदीदार मानला गेला. पण मानला जाणं वेगळं आणि कागद पूर्ण होणं वेगळं. आधी कलम ३२-ग खाली किंमत ठरायची, ती हप्त्याने भरायची, मग ३२-म चं सर्टिफिकेट मिळायचं आणि त्यावरून फेरफार व्हायचा. कोकणात असंख्य घरांत किंमत भरलीय, पावत्या आहेत, पण सर्टिफिकेट नाही, किंवा सर्टिफिकेट आहे पण फेरफार घातलाच नाही. त्यामुळे माळ्यावरची पेटी, देवघराचा खण, जुन्या छत्रीच्या पिशव्या सगळं शोधा. चलनाची एक मळकी पावती सापडली तरी तिच्यावरच्या केस नंबराने तहसीलच्या कूळवहिवाट शाखेत फाइल निघू शकते.

जमीनमालक विधवा, अज्ञान किंवा अपंग असेल तर ३२-फ प्रमाणे कुळाची खरेदी पुढे ढकलली जायची, आणि तिथे मुदतीत कळवायचं राहून गेलं म्हणून पुष्कळ कुळांचं नुकसान झालंय. तुमच्या फेरफारात "मालक विधवा" किंवा "कार्यवाही तहकूब" असं दिसलं तर तो धागा सोडू नका. ज्यांच्याकडे ३२-म आहे त्यांच्या सातबाऱ्यावर कलम ४३ च्या विक्रीबंदीचा शेरा असतो. २०१४ च्या दुरुस्तीनंतर खरेदीला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या ४० पट नजराणा भरून तो अडसर दूर होतो. आकार म्हणजे सातबाऱ्यावरची शेतसाऱ्याची रक्कम, ती कोकणात रुपयांत आणि पैशांत असते, त्यामुळे हा नजराणा फार मोठा नसतो, लोक उगाच घाबरतात.

याच्याही मागे जायचं असेल, म्हणजे १९४९ च्या आधी, तर बोटखत आणि फैसलपत्रक. हे भूमी अभिलेख खात्यात किंवा जिल्ह्याच्या रेकॉर्डमध्ये विचारायचं. सिंधुदुर्गवाल्यांनी लक्षात ठेवा, जिल्हा १९८१ ला झाला त्यामुळे जुन्यातलं काही ओरोसला (जिल्ह्याच्या मुख्यालयाला) न मिळता रत्नागिरीला विचारावं लागतं. आणि हे कागद बरेचदा मोडीत असतात. मोडी आपल्याला येत नाही म्हणून घाबरून परत येऊ नका, नक्कल घ्या आणि वाचणारा शोधा. पुराभिलेख खातं मोडीचे वर्ग घेतं, शिकलेली पोरं जिल्ह्यात आहेत, २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हा या मोडीवाल्यांना किती मागणी आली ते सगळ्यांनी बघितलं. वाचणाऱ्याला आधी आपल्या कागदावरची घरातली नावं आणि ठिकाणांची नावं देऊन ठेवा, वाडीचं, मळ्याचं, वहाळाचं नाव, त्याला अक्षर लावायला सोपं जातं. मयताची तारीख हवी असेल तर गाव नमुना १४, जुनी जन्ममृत्यूची नोंदवही, ती पण तिथेच मागा.

दस्त वेगळा, सातबारा वेगळा

हे नीट समजून घ्या. सातबारा मुळात साऱ्यासाठी ठेवलेली महसुली नोंद आहे. संहितेच्या कलम १५७ प्रमाणे ती उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, पण मालकी जन्माला येते ती खरेदीखत, वाटपपत्र, बक्षीसपत्र, मृत्युपत्र, कोर्टाचा हुकूम किंवा वारसा यातून. खरेदीखत तालुक्याच्या दुय्यम निबंधकाकडे १९०८ च्या नोंदणी कायद्याखाली नोंदलेलं असतं. त्याची सूची दोन, ज्याला सगळे इंडेक्स टू म्हणतात, त्यात देणारा, घेणारा, नंबर, क्षेत्र, किंमत सगळं एका पानावर येतं. अलीकडच्या वर्षांचं नोंदणी खात्याच्या साइटवर शोधता येतं, जुन्यासाठी निबंधक कार्यालयात शोध अर्ज करून सालवार फी भरायची. फेरफारात "रजिस्टर दस्त नंबर अमुक, तारीख तमुक" लिहिलेलं असतं, तो नंबर घेऊन गेलात तर अर्ध्या तासाचं काम.

माझा मावसभाऊ अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात आहे, त्याने तिथे घर घेतलं तेव्हा मी त्याला हेच विचारलं, की तुमच्याकडे दप्तर कुणाकडे. तर तिकडे प्रत्येक काउंटीला रजिस्टर ऑफ डीड्स नावाचा अधिकारी असतो आणि तो चक्क मतदानाने निवडून येतो, चार वर्षांसाठी. बाकीच्या बऱ्याच राज्यांत पण काउंटी रेकॉर्डर असा निवडूनच येतो. म्हणजे खरेदीखतं ज्याच्या ताब्यात त्याला लोकांसमोर जाऊन मतं मागावी लागतात. तिथे पण ते ऑफिस फक्त दस्त नोंदवून ठेवतं, मालकीची हमी देत नाही, म्हणून लोक टायटल इन्शुरन्स, म्हणजे मालकीचा विमा, काढतात. मला ते ऐकून आपल्याकडचा क्रम डोळ्यासमोर आला: खोत वारसाने, कुलकर्णी वतनाने, तलाठी परीक्षेने. मतदानाने कधीच कुणी नाही. पणजीचा अंगठा ज्याने घेतला त्याला ती कधी जाब विचारू शकली असती असं मला वाटत नाही, आपण विचारू शकतो, अर्ज करून, पोच घेऊन, आणि तेवढं तरी करायलाच पाहिजे.

निवडून आलेल्या लोकांच्या हातात आपल्याकडे एकच मालमत्तेची वही आहे, ग्रामपंचायतीचा नमुना ८, घरपट्टीचा असेसमेंट उतारा. कोकणात घरं गावठाणात कमी आणि वाडीवाडीत शेतजमिनीवर जास्त, त्यामुळे हा उतारा लागतोच. घर कधीपासून आहे, कुणाच्या नावावर घरपट्टी भरली गेली, हे त्यातून दिसतं, जितका जुना मिळेल तितका घ्या. पण तो कर आकारणीचा कागद आहे, घराखालच्या जमिनीची मालकी त्याने ठरत नाही. घर आपलं आणि घराखालची जमीन खोताच्या वारसांच्या नावावर, अशी घरं आमच्याच वाडीत पाच आहेत. अशा ठिकाणी कूळ म्हणून राहत्या घराच्या जागेचा हक्क कायद्यात आहे, तो तपासून घ्या. गावठाणातल्या घरांसाठी स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळतात, मोजणीच्या दिवशी घरी कुणीतरी हजर राहा.

मोजणीबद्दल थोडकंच सांगतो. जुन्या कागदांत एकर, गुंठे, आणे आहेत, आता हेक्टर, आर. ४० गुंठे म्हणजे एक एकर, १६ आणे म्हणजे एक गुंठा, एक गुंठा म्हणजे जवळपास एक आर, आणि १०० आर म्हणजे एक हेक्टर. बदलताना क्षेत्र कमी झालंय का ते स्वतः गुणून बघा. ज्या गावात एकत्रीकरण होऊन गट नंबर पडले तिथे जुना नंबर कुठल्या गटात गेला ते एकत्रीकरणाच्या उताऱ्यावरून बघायचं, ज्याला ९(३), ९(४) म्हणतात. हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेखकडे टिपण (मोजणीची मापं) आणि फाळणीची (हिस्से पाडल्याची) नक्कल मागा, गडगा म्हणजे दगडी बांध कुठे आहे यावर जाऊ नका, गडगे दर पावसाळ्यात हलतात.

शेवटचं काम वारसांचं, आणि हे ताबडतोब करा. वारसनोंदीला मृत्यूचा दाखला, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र आणि सगळ्या वारसांची नावं पत्त्यासकट लागतात. तलाठी ६-क ला, म्हणजे वारसांच्या नोंदवहीत, नोंद घालतो, मग फेरफार, मग नोटीस, हरकतीला १५ दिवस, मग सर्कलची मंजुरी. ऑनलाइन ई-हक्क मधून पण अर्ज करता येतो. मंजुरी चुकीची वाटली तर प्रांताधिकाऱ्याकडे ६० दिवसांत अपील. वंशावळीत बहिणींची, आत्यांची नावं घाला. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, आणि एखादीला स्वखुशीने सोडायचा असेल तर नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र लागतं, कोऱ्या कागदावरची सही चालत नाही. नाव लपवून केलेली नोंद पुढच्या पिढीला कोर्टात नेते, मी आमच्याच घराण्याच्या दोन फेरफारांत ते वाचलंय.

सगळे वारस एका जागी सापडायची वेळ आपल्याकडे गणपतीच. चतुर्थीच्या आधी तलाठ्याकडून विचारून प्रतिज्ञापत्राचा मसुदा टाइप करून ठेवा, सगळ्यांना आधारची झेरॉक्स आणायला फोनवर सांगा, गौरी गेल्यावर जो कामाचा दिवस येईल त्या दिवशी एक गाडी करून सगळ्यांना तालुक्याला घेऊन जा आणि एकाच दिवशी सह्या करून घ्या. कोकणकन्येचं परतीचं तिकीट त्यानंतरचं काढा. आमच्या सह्या झाल्या तेव्हा आम्ही चौदा जण होतो, त्यात तीन आत्या, आणि सगळ्यात मोठ्या आत्येने सही करायच्या आधी वंशावळीवर बोट ठेवून पणजीचं नाव दोनदा वाचलं.